माल वर, माणसं आत

“काँट्रॅक्टर कुठाय?” असं मी एकदा विचारलं आणि ते दोन शब्द मला पुढं जन्मभर पुरले.

बोईसरला स्टेशनकडून तारापूरकडं जाणाऱ्या रस्त्यावर माझं रंगाचं दुकान होतं. मी मूळचा साताऱ्याकडचा. कंपनीत नोकरीला म्हणून आलो, साहेबाशी पटलं नाही, भांडलो आणि रंगाचे डबे विकायला बसलो. बोईसरात गल्ल्यावर बसलेला कुठलाही माणूस शेट होतो, तसा मीही झालो. त्या दिवशी दुकानात एक बाई आली. साडी वर खोचलेली, अंगात पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला घट्ट रुमाल आणि रुमालाखालून डोकावणारी अबोलीची ताजी वेणी. आल्या आल्या प्रायमर, पुट्टी, रोलर, ऑइल पेंट असा भराभरा माल सांगायला लागली. एवढा माल म्हणजे बाईला कुणीतरी पाठवलेलं असणार, म्हणून मी तिच्या खांद्यावरून रस्त्याकडं बघत विचारलं, “काँट्रॅक्टर कुठाय?”

“तुमच्या म्होरं उबी हाय,” ती म्हणाली. “चष्मा पुसा नि मग बगा.”

दुकानातली गिऱ्हाइकं खो खो हसली. मला आला राग. मी मुद्दाम चेपलेला डबा काढून दिला. तिनं तो माघारी ठेवला, फळी उचलून सरळ गल्ल्याच्या आत आली आणि हवा तो डबा स्वतः काढून घेऊन गेली. आता बोला! माझी बायकोसुद्धा त्या फळीच्या आत विचारल्याशिवाय येत नसे.

ही जयवंतीताई. माहेर किनाऱ्यावरच्या मुरबे गावचं, मासेमारीतलं. तिच्या घरी रीत अशी, की बोट दर्यात असताना बाईनं तिच्यात पाय ठेवायचा नाही. पण पावसाळ्यात बोटी वाळूवर ओढल्या की त्यांना खरवडणं, तेल पाजणं, रंगवणं हे घरातल्या पोरींनीही करायचं. नारळी पौर्णिमेच्या आत बोट चकचकीत झाली पाहिजे. ताई म्हणायची, “मला कोनी दर्यात नाय नेली, पन तिची पाठ मीच खरवडली हाय.” हे ती हसत सांगायची, पण तेव्हा तिचे डोळे काही हसायचे नाहीत. लग्न होऊन बोईसरला आली. नवरा फिटर, भारी शांत माणूस. त्याला काहीही विचारा, तो म्हणणार, “तिला विचारा.” काही वर्षं ताईनं दुसऱ्या एका काँट्रॅक्टरच्या हाताखाली भिंती घासल्या, मग एके दिवशी त्याचा ब्रश त्याच्या हातात दिला आणि स्वतःची कामं घ्यायला लागली. तिच्या टोळीत सगळ्या बाया. एक तिच्याच मुरब्याची, दोघी बोईसरच्या चाळीतल्या, आणि वाणगावकडची वनिता. ही वनिता म्हणजे ताईचा उजवा हात. छताची कडा पट्टीशिवाय सरळ ओढायची ती.

ताईला सल्ला दिलेला अजिबात खपत नसे. कुणी तोंड उघडलं रे उघडलं, की म्हणायची, “इचारलं कोनी?” गिऱ्हाइकाला म्हणायची, कंपनीच्या साहेबाला म्हणायची, एकदा तर भटजींना म्हणाली. मला दिवसातून किती वेळा म्हणायची ते सोडा. आणि मी तर सल्ले देण्यातच आयुष्य घालवलेला माणूस, त्यामुळं आमचं रोज वाजायचं. ती भांडायची आणि माल माझ्याकडूनच न्यायची. समोर दुसरं दुकान होतं, तिथं मोठा पंखा होता, बसायला खुर्च्या होत्या. एकदा मी चिडून म्हणालो, “जा की तिकडं!” तर म्हणाली, “तितला शेट भांडत नाय. मजा नाय येत.”

तिच्या हट्टाची एक गोष्ट सांगतो. तारापूरच्या कारखान्यांच्या भागात एका कंपनीची उंच बाहेरची भिंत रंगवायचं काम तिला मिळालं. काम झुल्यावरचं, म्हणजे वरून दोरांनी सोडलेल्या फळीवर बसून करायचं. दोर बांधले, पट्टे आले, सगळं रीतसर झालं, आणि ऐन वेळी तिथला साहेब म्हणाला, बाया झुल्यावर नकोत, खाली उभं राहून जमेल तेवढंच करा. ताईनं त्याच्याशी एका शब्दानं वाद घातला नाही. पट्टा कमरेला आवळला, अबोली नीट खोवली आणि झुल्यावर जाऊन बसली. दोन माळे वर गेल्यावर खाली वाकून ओरडली, “साहेब, च्या वर पाठवा! खाली याला येल नाय!” चहा वर गेला. दोरीला बांधलेल्या किटलीतून गेला, आणि तो किटलीवाला मला हे सांगताना हसून हसून बेजार झाला होता. साहेब पुढं तिचं काम दुसऱ्या कंपन्यांच्या लोकांना आणून दाखवायचा, पण ते पुढचं.

बाईचं घोडं अडलं ते उंचीवर नाही, ते रस्त्यावर.

झालं होतं असं. काम सुटलं की बायांचे कपडे रंगानं भरलेले, अंगाला थिनरचा वास. शेअर रिक्षावाले त्यांना बघून रिक्षा थांबवत नसत. थांबली तर म्हणत, “सीट खराब होईल, दुसरी बघा.” बाजूला बसलेल्या बाया पदर नाकाला लावत. कधी चिंचणीकडून, कधी कारखान्यांच्या पलीकडून या बाया चालत बोईसरला यायच्या आणि मग वनितासारखी एखादी तिथून पुढं वाणगाव गाठायची. दिवसभर शिडीवर, आणि वर ही पायपीट. एक दिवस वनिता ताईला म्हणाली, “मावशी, सासू बोलते काम सोड. अंधार पडायच्या आत घरी आली तरच जा, बोलते.” चाळीतल्या दोघींनी नजर खाली घातली.

ताई त्या दिवशी दुकानात आली ती भांडलीच नाही. मला वाटलं बाई आजारी आहे. फळीला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, “शेट, बाया जातील. बाया गेल्या की मी पन गेली. परत दुसऱ्याच्या हाताखाली भिंत घासाया मी नाय जायची. गाडी घेते.”

“घे,” मी म्हणालो. “छोटा हत्ती घे.” आमच्याकडं चार चाकांच्या लहान टेम्पोला सगळे छोटा हत्तीच म्हणतात. “डबे बसतात, शिडी बसते, परांचीचं सामान बसतं. रंगकामाच्या सगळ्या काँट्रॅक्टरांकडं तोच आहे.”

“नि बाया?”

“बाया बसतील की मागं, डब्यांवर. डब्यावर बसलं म्हणून माणूस काय झिजतो?”

“झिजतो,” ती म्हणाली.

“इचारलं कोनी” म्हणाली नाही. नुसतं “झिजतो”. मला तेव्हाच कळायला हवं होतं की हिच्या डोक्यात दुसरं काहीतरी शिजतंय. पण मी सल्लागार ना! दुसऱ्या दिवशी दुकान बायकोवर सोपवून मीच तिला नव्या गाड्यांच्या दुकानात घेऊन गेलो.

घेऊन गेलो म्हणजे काय, मी पुढं स्कूटरवर, आणि मागून रिक्षाच्या टपावर शिडी बांधून ताई आणि तिच्या बाया. त्या रिक्षावाल्याला तिनं कसं पटवलं देव जाणे. काचेचं दार उघडून ताई आणि वनिता शिडी खांद्यावर घेऊन सरळ आत. तिथला टाय लावलेला मुलगा धावत आला. “मॅडम, शिडी आत नाही आणता येणार.”

“मग गाडी भायेर काड,” ताई म्हणाली.

काढली बिचाऱ्यानं. शिडी मागं ठेवून बघितली, छान बसली. मी म्हणालो, “बघ, सांगत नव्हतो?” तिनं माझ्याकडं लक्ष न देता बायांना मागच्या हौद्यात बसायला सांगितलं. बसल्या. “कशी हाय?” ताईनं विचारलं. वनिता लाजत म्हणाली, “बरी हाय की.” ताई म्हणाली, “बसा अशाच,” आणि आम्हा दोघांना, म्हणजे मला आणि त्या टायवाल्याला, समोरच्या गाड्यावर उसाचा रस प्यायला घेऊन गेली. ऊन मी म्हणत होतं. आम्ही सावलीत बसून रस पितोय आणि त्या चौघी हौद्यातल्या तापलेल्या पत्र्यावर. मी ग्लास खाली ठेवला. मी म्हणालो, “अगं, उतरव त्यांना!” तर म्हणे, “का? झिजतात का?”

परत येऊन तिनं वनिताला पुन्हा विचारलं. वनिता म्हणाली, “मावशी, बूड भाजलं.”

“झाला इचार,” ताई म्हणाली.

टायवाला मुलगा प्रामाणिक होता. तो म्हणाला, “आणि मॅडम, मागं माणसं बसवायची नसतात हं. ती मालाची गाडी आहे.”

“अरे सोन्या, हे आदी बोल ना! माजा धंदा मानसांचा हाय, नि तू मला मालाची गाडी इकतो.” तिनं त्याच्या गालाला हात लावला, शिडी उचलली आणि निघाली. मला एवढा संताप आला होता की मी स्कूटरला किक मारायचीच विसरलो आणि तिच्यावर बसून बोलत राहिलो.

मग चिल्हार रस्त्यावरचं जुन्या गाड्यांचं आवार. तिथला दलाल पप्पूभाई, तोंडात कायम बडीशेप. त्यानं ताईला आधी दोन टेम्पो दाखवले, मग एक सामानाची बंद व्हॅन दाखवली. ताई कोपऱ्यात उभ्या असलेल्या एका पिवळ्या गाडीकडं बघत होती. शाळेची जुनी व्हॅन. दोन्ही बाजूंना लांब बाकं, खिडक्यांना आडवे गज, आणि टपावर दप्तरं ठेवायचं भक्कम कॅरियर.

“बहनजी, ये तो बच्चों की गाड़ी है,” पप्पूभाई म्हणाला. “आपका सामान कहाँ जाएगा?”

“ऊपर.”

“और आदमी लोग?”

“अंदर. बैठके.” मग माझ्याकडं वळून तेच मराठीत, मला ऐकायला कमी येतं असं समजून, मोठ्यानं म्हणाली, “माल वर, मानसं आत! कळलं शेट?”

मी म्हणालो, कळलं, पण हे चुकीचं आहे. भरलेले डबे दररोज टपावर कोण चढवणार? ब्रेक मारला की काय होईल? एवढ्या लांब शिडीचं टोक पुढं येणार, त्याचं काय? ती म्हणाली, डबे चढवाया हात हायत, बांधाया दोर हायत, नि टोकाला लाल फडकं हाय. मग साडी सावरून, जमिनीवर उताणी झोपून, गाडीच्या खाली गेली. पप्पूभाईचं बडीशेप चावणं थांबलं. खालून आवाज आला, “बूड बरं हाय.” बोट बघावी तशी बघत होती ती गाडी. मला तिच्या पायांशी बोलायला लागत होतं, तरी मी बोलायचा थांबलो नाही.

सौदा ठरल्यावर पप्पूभाईनं माझ्याकडं बोट करून विचारलं, “गाड़ी किसके नाम पे? भाईसाब के?”

मला ठसका लागला.

“मेरे,” ताई म्हणाली. “जयवंती. टिंब, वेलांटी सब बराबर लिख.” आणि मग मला म्हणाली, “आमच्या बोटीवर बायकोचं नाव असतं, शेट, नि कागदावर नवऱ्याचं. माज्या गाडीवर पन माजंच नाव नि कागदावर पन माजंच.” खरंच पुढं तिनं त्या गाडीच्या नाकावर, दोन्ही बाजूंनी, बोटीवर लिहितात तसं ठसठशीत निळ्या अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं. मी म्हणालो, एखाद्या देवाचं लिहायचं. काय उत्तर मिळालं ते तुम्हाला ठाऊक आहे.

गाडी चालवायला ती पन्नाशीच्या उंबरठ्यावर शिकली. नवऱ्यानं शिकवलं नाही, तो म्हणाला, “तिला विचारा.” मोटर ट्रेनिंगच्या शाळेत जाऊन, वीस-बावीस वर्षांच्या पोरांबरोबर शिकली आणि परवाना घेऊन आली.

आता त्या बाईच्या एका चुकीबद्दल सांगायलाच पाहिजे, नाहीतर तुम्हाला वाटेल मी तिची आरती करतोय. नव्या बोटीला मुशीचं तेल पाजतात. मुशी म्हणजे शार्क, तिच्या काळजाचं तेल. त्यानं लाकूड खाऱ्या पाण्यात टिकतं. आपला रस्ताही किनाऱ्याचा, हवा खारी, पत्रा गंजतो. ताईनं विचार केला, आणि कुणालाही न विचारता गाडी मुरब्याला नेली. पुढची चाकं ओंडक्यांवर चढवली आणि खालून अख्ख्या गाडीला मोठ्या ब्रशनं मुशीचं तेल पाजलं. प्रेमानं पाजलं. धूर सोडणारा सायलेन्सरसुद्धा वगळला नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी बोईसरच्या नाक्यावर आली तेव्हा खालून निळा धूर आणि असा वास, की वाटावं कुणी कढईत मासे सोडलेत. मागं कुत्र्यांची रांग. एक भाजीवाला ओरडला, “मावशी, काय तळताय?”

“तुजी जीब!” ताईनं खिडकीतून डोकं काढून उत्तर दिलं.

आतून चौघी बाया हसत होत्या. त्या वासातसुद्धा बाकावर आरामात बसून, खिडकीच्या गजांना धरून हसत होत्या. वनिता त्या दिवशी उजेडात घरी पोचली. ताईनं गाडी थेट सासूच्या दारात नेऊन उभी केली होती. सासूनं नाक मुरडलं, पण काम सोड म्हणाली नाही.

सायलेन्सरचं तेल जळून गेलं, धूर थांबला, पण वास राहिला. मी म्हणालो, “ताई, गाडी खालून साबण-सोड्यानं धुऊन घे.” ती म्हणाली, “जाईल हळूहळू. बोटीचा पन जातो.” आणि ते तसंच राहिलं.

त्याच सुमारास तिला आजवरचं सर्वांत मोठं काम मिळालं. आमच्याच रस्त्यावरची एक मोठी सोसायटी, आतून-बाहेरून रंगवायची. त्यांच्या मीटिंगा झाल्या, भांडणं झाली, आणि शेवटी एक फिकट बदामी रंग पसंत पडला. मी तो रंग माझ्या मशीनवर मिसळून दिला. तो एकदा मिसळला की परत घेता येत नाही, हे मी ताईला सांगितलं. तिनं मालाचे पैसे भरले आणि म्हणाली, “या कामानं वरीसभर बायांना बसाया लागनार नाय.” तिच्या तोंडून असं काही ऐकलं की मी उगीचच खोकून तोंड फिरवायचो.

कामाच्या पहिल्या सकाळी मीही तिथं होतो, कारण डबे मोजून द्यायचे होते. पिवळी गाडी फाटकाशी आली. टपावर शिडी, दोर, डबे, आत बाया. वॉचमननं फाटक उघडलं नाही. आतून सेक्रेटरी आले. निवृत्त अधिकारी, इस्त्रीचा शर्ट, बोलणं अगदी मऊ. “ताई, गाडी बाहेरच ठेवा. वास येतो हो फार.”

“ठेवते,” ताई म्हणाली. मी सुटकेचा श्वास सोडला.

“आणि ह्यांना,” सेक्रेटरींनी गाडीतल्या बायांकडं हात केला, “ह्यांना मागच्या छोट्या दारानं पाठवा. पुढं लिफ्टजवळ वास राहतो. लोक तक्रार करतात.”

ताई गाडीतून खाली उतरली. सावकाश उतरली. “साहेब, वास गाडीला हाय का बायांना?”

“आता तेच ना,” सेक्रेटरी म्हणाले, आणि हसले. वाईट हसले नाहीत. नेहमीसारखे हसले, आणि मला त्याचाच जास्त राग आला.

वनितानं तोवर उतरण्यासाठी एक पाय बाहेर टाकला होता. ताई म्हणाली, “वनिता, आत बस.” वनिता आत बसली. ताईनं फाटकाला हात लावून ते नीट बंद आहे ना ते पाहिलं, आणि म्हणाली, “साहेब, तुमची भित तुमाला लखलाभ. आमी पुडल्या दारानं येनारी मानसं. तुमी दुसरा कोन बगा.”

मी तिच्या मागं रस्त्यावर धावलो. खरंच धावलो, या वयात. “ताई, डोकं ठिकाणावर ठेव! एवढं काम! गाडी मी धुऊन आणतो, माझ्या हातानं धुतो, दुपारी परत येऊ.”

“गाडी धुवीन की, शेट. आज सांजच्याला धुवीन. मीच चुकली, मुशीचं तेल पत्र्याला लावायचं नव्हतं.” तिचा आवाज कापत होता. ती रडत नव्हती, संतापानं कापत होता. “पन तेंनी वास बायांना लावला. तो कुठल्या पान्यानं धुवू?”

मी शेट, सल्लागार, तोंडाचा पट्टा, आणि मी रस्त्याच्या कडेला उभा राहिलो.

मला वाटलं संपलं. बाया आता जाणार. काम नाही, वर्षभराची हमी हवेत गेली, आणि त्या बदामी रंगाचे सगळे डबे माझ्या दुकानाच्या ओट्यावर येऊन पडले. दोन दिवस ताई दिसली नाही. तिसऱ्या दिवशी गाडी आली. खालून स्वच्छ धुतलेली. चौघी बाया आत. मी विचारलं, “काय ठरलं?”

“माजा रंग न्याया आली,” ती म्हणाली.

“कुठलं काम?”

“बायांची घरं.”

आणि नेला तिनं. आधी वनिताचं वाणगावकडचं घर. तिच्या सासूला ताई म्हणाली, “तुजी सून पुडल्या दारानं आली नि पुडल्या दाराचीच भित आदी रंगवनार.” मग मुरब्याच्या बाईचं घर, मग चाळीतल्या दोघींच्या खोल्या, आणि उरल्यासुरल्यात स्वतःचं. एकीच्या घरी बाकीच्या सगळ्या राबायच्या. सोसायटीवाल्यांनी मीटिंगा घेऊन, भांडून पसंत केलेला तो रंग बोईसरपासून वाणगावापर्यंत आणि मुरब्याच्या वाळूपर्यंत पसरला. सोसायटी त्या पावसाळ्यातही काळीकुट्टच राहिली, शेवाळं चढलेली. मी मुद्दाम त्या रस्त्यानं जाऊन बघायचो. होय, मला आनंद व्हायचा, लपवत नाही.

कामं मिळाली, पण लगेच नाही. मधले दिवस कठीण गेले. नवऱ्यानं जादा पाळ्या केल्या. मला वाटतं, “तिला विचारा” म्हणणाऱ्या त्या माणसानं तेव्हा तिला काहीच विचारलं नसावं, आणि तेच त्याचं मोठेपण. मग वाणगावचं वनिताचं घर बघून शेजारच्या घराचं काम, त्यावरून एका शाळेचं, मग तो झुल्याच्या कंपनीचा साहेब. एकही बाई गेली नाही. उलट वनिताची धाकटी जाऊ टोळीत आली, तिच्यामागून आणखी काही जणी आल्या आणि बाकं पुरेनात.

मी मागच्या उन्हाळ्यात दुकान पुतण्याच्या हवाली केलं आणि गावाकडं परतायचं ठरवलं. सामान आधी ट्रकनं गेलं होतं. निघायच्या दिवशी बायकोबरोबर चार बोचकी घेऊन रस्त्यावर उभा होतो, पालघरहून पुढची एसटी गाठायची होती. पिवळी गाडी येऊन थांबली. ताईचं त्या दिवशी पालघरलाच काम होतं.

“चला शेट, सोडते.”

बोचकी टपावर गेली. बायकोला बायांनी सरकून बाकावर जागा दिली. त्यानंतर बाकावर जागा नव्हती. ताईनं आत वळून बघितलं, आणि बायांच्या पायांशी, मधल्या रिकाम्या जागेत, एक भरलेला रंगाचा डबा ठेवायला लावला.

“तुमी डब्यावर बसा. डब्यावर बसलं म्हनून मानूस काय झिजतो?”

बाया खिदळल्या. माझी बायको तर पदर तोंडात कोंबून हसत होती, घरभेदी. मी बसलो. काय करणार? बोईसर ते पालघर तो रस्ता, ते खड्डे, ते वळण, तो डबा. प्रत्येक खड्ड्याला डब्याची कड मला लागायची आणि ताई आरशातून बघायची. मी चेहरा हलू दिला नाही. सातारकर आहे मी.

एसटी स्टँडवर उतरलो तेव्हा कंबर सरळ होत नव्हती. ताई खाली आली. अबोली नेहमीसारखी, शर्टाच्या बाहीवर ओला रंग.

“काय शेट, झिजलात?”

“नाही,” मी म्हणालो.

ती हसली. मग तिनं वाकून माझ्या बायकोच्या पायाला हात लावला, माझ्या नाही. मला म्हणाली, “पोचल्यावर फोन करा. भांडाया कोनी लागतं.” मी काहीतरी सल्ला द्यायला तोंड उघडलं आणि नुसताच खोकलो.

वनितानं मधला डबा उचलून टपावर ठेवला आणि दोर आवळला. शिडीच्या टोकाचं लाल फडकं तिनं नीट केलं. ताई गाडीत चढली, आणि गाडीच्या नाकावरचं निळं नाव वळणावर माझ्या समोरून गेलं. सगळा माल वर होता. आत बाया बसल्या होत्या, पाठ टेकून, खिडकीतून बाहेर बघत बसल्या होत्या.